फोटो फ्रेमचं क्लाउड: फुकट कुठपर्यंत आणि पैसे नेमके कशाचे?

(हा भाग गप्पांच्या ओघात रेकॉर्ड झालाय. वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं थोडी सरळ केली आहेत, ‘अं...’ गाळले आहेत आणि मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्याही गेल्या आहेत. बाकी मजकूर ऐकला तसाच.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. आपली एक श्रोता मैत्रीण न्यू जर्सीत असते, आई-बाबा सांगलीला. दोन वर्षांपूर्वी भारतात आली तेव्हा तिनं येताना त्यांच्यासाठी एक डिजिटल फोटो फ्रेम आणली. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली, वायफाय जोडून दिलं. मग काय, तिकडे लेकीचे फोटो गूगल फोटोजच्या एका अल्बममध्ये टाकायचे आणि इकडे सांगलीत आजी-आजोबांच्या फ्रेमवर ते आपोआप दिसायचे. आजोबांना काही दाबायला नको, आजीला पासवर्ड लक्षात ठेवायला नको. सगळं मस्त चाललं होतं.

२०२५च्या एप्रिलपासून नवे फोटो यायचे थांबले. जुनेच फिरत राहिले. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच खरं तर, दोन महिने कुणी एकमेकांना काही बोललंच नाही. लेकीला वाटतंय फोटो पोचतायत. आईला वाटतंय, पोरीला कामातून सवड मिळत नसेल. शेवटी एका रविवारी फोनवर विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, “अगं, तुला वेळ नसेल म्हणून मी विचारलं नाही.”

तर या मैत्रिणीचा प्रश्न असा: “फ्रेमच्या ॲपमध्ये सारखं सबस्क्रिप्शन घ्या, सबस्क्रिप्शन घ्या असं येतंय. पैसे भरले तर हे परत सुरू होईल का? आणि फुकट म्हणून घेतलेल्या वस्तूला आता पैसे का मागतायत?”

प्रश्न दोन आहेत, पण त्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. ती आधी बघू, मग तिच्या फ्रेमकडे येऊ.

टपालवाला आणि तिजोरी

फोटो फ्रेम म्हणजे काय? एक छोटा टॅबलेट समजा, ज्याला फोटो दाखवण्यापलीकडे दुसरं काम नाही. त्यात फोटो जाण्याचे मार्ग तीन. पहिला सगळ्यात जुना: मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह खोचा, फोटो बघा. इंटरनेटचा संबंध नाही. दुसरा: तुम्ही ॲपमधून फोटो पाठवता, तो इंटरनेटवरून फ्रेमपर्यंत जातो आणि फ्रेमच्या स्वतःच्या मेमरीत उतरतो. एकदा उतरला की तो तिथलाच. तिसरा: फोटो कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि फ्रेम तिथून आणून दाखवते. सर्व्हर हाच खरा मालक, फ्रेम फक्त खिडकी.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात जे येतं त्याला आपण सरसकट ‘क्लाउड’ म्हणतो. पण तिथे क्लाउड दोन वेगळी कामं करत असतं. एक काम टपालवाल्याचं: तुमच्याकडून घेतलं, त्यांच्या दारात टाकलं. दुसरं तिजोरीचं: तुमचा फोटो वर्षानुवर्षं सांभाळून ठेवणं. टपालवाल्याला फारशी जागा लागत नाही, तिजोरीला लागते. कंपन्यांच्या जाहिरातीत ही दोन्ही कामं एकत्र कालवलेली असतात, म्हणून आपला गोंधळ होतो. फ्रेम विकत घेताना आपल्याला हवा असतो टपालवाला. ‘अमुक जीबी क्लाउड स्टोरेज’ असं वाचून आपण पैसे देतो ते तिजोरीचे. आणि खरी तिजोरी म्हणावी तर फ्रेमवाल्या कंपनीची ती असतेच असं नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

थोडा हिशोब करू

पाटी-पेन्सिल घ्या. बाजारातल्या बऱ्याच दहा इंची फ्रेमचा स्क्रीन १२८० बाय ८०० पिक्सेलचा असतो. गुणाकार केला तर साधारण दहा लाख पिक्सेल, म्हणजे एक मेगापिक्सेल. तुमच्या फोनचा साधा फोटो असतो बारा मेगापिक्सेलचा. म्हणजे फ्रेमवर तुमच्या फोटोच्या बारा भागांतला एकच भाग पोचतो, बाकी अकरा भाग तिला दाखवताच येत नाहीत. तुम्ही कितीही भारी फोन घ्या, दोनशे मेगापिक्सेलवाला घ्या, सांगलीच्या हॉलमध्ये तो एक मेगापिक्सेलच दिसणार.

आता फाइलचं वजन. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण चार एमबीचा धरू, कमी-जास्त होतं. तोच फोटो फ्रेमच्या मापाचा करून ठेवला तर साधारण तीनशे केबीत बसतो. फ्रेमवर १६ जीबी मेमरी लिहिलेली असेल तर त्यातली बरीच जागा तिची स्वतःची सिस्टिम खाते. समजा आठ जीबी उरली. तीनशे केबीच्या हिशोबानं त्यात सव्वीस हजारांवर फोटो मावतात. दर तीस सेकंदांनी फोटो बदलला आणि फ्रेम रोज बारा तास चालू ठेवली तर दिवसाला १,४४० फोटो होतात. म्हणजे सगळे एकदा बघून व्हायला अठरा दिवस! आजोबा कितीही हौशी असले तरी इतके फोटो कोण बघत बसतंय.

म्हणजेच फोटो ‘दाखवण्यासाठी’ मोठ्या क्लाउडची गरज नाही. फ्रेममध्येच जागा भरपूर आहे. फक्त ती जागा वापरायची की सगळं सर्व्हरवरून आणायचं, हे कंपनीनं ठरवलेलं असतं. आणि हे तांत्रिक कारणानं ठरतं असं नाही. ग्राहकाकडून दर महिन्याला काही यावं असं कंपनीला वाटतं की नाही, त्यावरही ते अवलंबून असतं.

एक छोटी युक्ती इथेच सांगून टाकतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, त्याची लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलची राहते. आपण त्यावरून कुरकुर करतो. पण १२८० पिक्सेलच्या फ्रेमला सोळाशे म्हणजे उलट जास्तच झाले. त्यामुळे फुकटची जागा कमी असेल तर फ्रेमवर व्हॉट्सॲपवाले फोटो बिनधास्त पाठवा. मात्र जपून ठेवायला ते नकोत. दोन फूट बाय तीन फुटाची प्रिंट काढायची वेळ आली की मूळ फोटोच लागतो.

व्हिडिओचं गणित एकदम वेगळं आहे. फुल एचडीमधला एक मिनिटाचा व्हिडिओ फोनप्रमाणे साठ ते एकशे तीस एमबी घेतो. पाचशे एमबीची मोफत जागा असेल तर चार-आठ मिनिटांत संपली. बाळाची पहिली पावलं, मग वाढदिवस, मग शाळेचं गॅदरिंग... झालं. म्हणूनच बऱ्याच कंपन्या फोटो फुकट ठेवतात आणि व्हिडिओला पैसे लावतात.

फुकट का संपतं

ही काही नवी कथा नाही. इंटरनेटला जोडलेल्या पहिल्या फ्रेमपैकी एक होती अमेरिकेतली सीवा. १९९९मध्ये सुरू झालेली कंपनी. त्या काळात घरोघरी वायफाय नव्हतंच. ही फ्रेम टेलिफोनच्या तारेला जोडायची, रात्री ती स्वतःच फोन लावायची, नवे फोटो उतरवून घ्यायची आणि सकाळी दाखवायची. तिलाही वर्गणी होती! म्हणजे फ्रेमला सबस्क्रिप्शन ही आजची कल्पना नाही, फ्रेमच्या जन्मापासूनच ती सोबत आहे. मधली काही वर्षं आपल्याला फुकटाची सवय लागली, तो अपवाद होता.

सवय कुणी लावली? फ्लिकरनं २०१३मध्ये सगळ्यांना एक टेराबाइट जागा मोफत दिली. मग २०१५मध्ये गूगल फोटोज आलं, ‘हाय क्वालिटी’त हवे तितके फोटो ठेवा म्हणालं. पुढे काय झालं? फ्लिकर २०१८मध्ये स्मगमग या कंपनीनं घेतलं आणि त्याच वर्षी मोफत खात्याला एक हजार फोटोंची मर्यादा जाहीर झाली. गूगलनं २०२०च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं आणि १ जून २०२१पासून अमर्याद बंद. आता फोटो, जीमेल, ड्राइव्ह सगळं मिळून १५ जीबी. चार एमबीच्या हिशोबानं पावणेचार हजार फोटो. रोज दहा काढलेत तर वर्षभरात डबा भरला, आणि त्यात जीमेलमधली पीडीएफ बिलं धरलेली नाहीत.

फ्रेमच्या कंपन्यांचं याहून अवघड आहे. गूगलला जाहिरातीचा पैसा आहे. फ्रेमवाला फ्रेम एकदाच विकतो. तुम्ही ती पाच-सात वर्षं वापरता आणि तेवढी वर्षं सर्व्हरचं भाडं त्याच्याच खिशातून जातं. हे भाडं निघणार कुठून? एक तर तुमच्या पहिल्या किमतीतून, नाहीतर नव्या गिऱ्हाइकांकडून, नाहीतर वर्गणीतून. चौथा मार्ग नाही. (म्हणजे तुमचे फोटो वापरून कमाई हा एक मार्ग आहे, पण तो कोण उघड सांगेल?)

आता बाजारातले नमुने बघा. ऑरा ही अमेरिकन कंपनी. तिच्या फ्रेम महाग असतात, पण फोटो ठेवायला मर्यादा नाही आणि वर्गणीही नाही. भाडं आधीच किमतीत धरलंय. मात्र फोटो त्यांच्या सर्व्हरवर राहतात आणि फ्रेमला वायफाय लागतंच. स्कायलाइटमध्ये ईमेल करून फोटो पाठवणं फुकट, व्हिडिओ आणि फोटोखालची ओळ हवी असेल तर वार्षिक वर्गणी. निक्सप्ले हे नाव फ्रेमच्या दुनियेत जुनं. त्यांनी २०२५मध्ये मोफत जागा काही जीबींवरून थेट ५०० एमबीवर आणली, आणि जास्त हवी असेल तर वर्षाला साधारण २० ते ३० डॉलर. चार एमबीच्या मूळ फोटोंत ५०० एमबी म्हणजे सव्वाशे फोटो. ज्यांनी आधीच हजारो फोटो भरून ठेवले होते त्यांचा संताप तुम्ही समजू शकता. वस्तू घेताना जे कबूल केलं होतं ते वस्तू घरात आल्यावर बदललं.

मला यात खटकतं ते पैसे मागणं नव्हे. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, पैसे मागणं रास्त आहे. खटकतं ते विकताना एक आणि नंतर दुसरं. रिक्षात बसताना मीटरप्रमाणे म्हणायचं आणि अर्ध्या वाटेत दीडपट सांगायचं, तसं.

आणि एक वेगळी वाट आहे फ्रेमिओची. फ्रेमिओ ही डेन्मार्कची कंपनी. ती बहुतेक वेळा स्वतः फ्रेम विकत नाही, तिचं ॲप वेगवेगळ्या ब्रँडच्या फ्रेममध्ये बसवलेलं असतं. भारतात ऑनलाइन ज्या वायफाय फ्रेम मिळतात त्यांतल्या कित्येक फ्रेमिओवर चालतात, बॉक्सवर नाव बघा. इथे फोटो फ्रेमच्याच मेमरीत उतरतो. म्हणजे शुद्ध टपालवाला. वर्गणी आहे, पण ती ऐच्छिक: एका वेळी जास्त फोटो पाठवणं, मोठे व्हिडिओ, बॅकअप अशा सोयींसाठी. नाही भरली तरी फ्रेम अडत नाही. आणि उद्या कंपनीनं दुकान बंद केलं तर नवे फोटो यायचे थांबतील, पण आलेले तिथेच राहतील.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी फ्रेमिओचा एजंट आहे असं म्हणाल. फोटो फक्त फ्रेमच्याच मेमरीत असतील आणि व्होल्टेज वर-खाली होऊन फ्रेम जळली, तर फोटोही गेले. सर्व्हरवर असते तर नवी फ्रेम आणून जोडली की सगळे परत.

मग सांगलीची फ्रेम का थांबली?

आता आपल्या मैत्रिणीकडे. तिची जागा संपली नव्हती आणि फ्रेमही बिघडली नव्हती. झालं असं, की तिची फ्रेम गूगल फोटोजच्या अल्बमवर लक्ष ठेवून असायची, नवा फोटो आला की ओढून घ्यायची. बाहेरच्या ॲपला तुमच्या गूगल फोटोजमध्ये असं डोकावू देणारी जी सोय होती, तिचे नियम गूगलनं ३१ मार्च २०२५नंतर बदलले. आता बाहेरच्या ॲपला तुमची संपूर्ण लायब्ररी किंवा तुम्ही केलेले अल्बम आपणहून वाचता येत नाहीत. तुम्ही स्वतः एक खिडकी उघडायची, त्यातून फोटो निवडायचे, आणि निवडलेले तेवढेच त्या ॲपला मिळणार.

गोपनीयतेच्या बाजूनं बघितलं तर हे चुकीचं नाही. कुठलंसं ॲप तुमचा सगळा फोटोसंग्रह चाळत बसलंय हे कुणाला आवडेल? पण फ्रेमसाठी याचा अर्थ असा की ‘आपोआप’ संपलं. कुणीतरी बसून फोटो निवडायला हवेत. तिच्या बाबतीत नियम बदलल्याची ईमेल आली होती म्हणे, पण ती ऑफर्सच्या गर्दीत कुठेतरी पडून राहिली.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सबस्क्रिप्शन भरलंस तर जागा वाढेल, पण अल्बम आपोआप येणं त्यानं परत सुरू होणार नाही. अडथळा जागेचा नाहीच, परवानगीचा आहे. पैसे भरण्याआधी हा फरक ओळखायचा. फ्रेमच्या स्वतःच्या ॲपमधून एक फोटो थेट पाठवून बघ. पोचला तर फ्रेम ठणठणीत आहे, वाट फक्त बदलायची. दर रविवारी फोन करायच्या आधी पाच फोटो ॲपमधून पाठव. आणि फोनवर आईला विचार, निळ्या फ्रॉकमधला दिसला का? म्हणजे पोचल्याची पावतीही मिळेल, आणि “वेळ नसेल म्हणून विचारलं नाही” हे परत व्हायचं नाही.

ज्यांना आपोआपच हवं आहे त्यांच्यासाठी एक मार्ग आहे: गूगलचंच नेस्ट हब. ते गूगलच्याच घरातलं असल्यानं गूगल फोटोजचे अल्बम दाखवतं. पण मग फोटो आणि फ्रेम दोन्ही एकाच कंपनीच्या हातात. चालत असेल तर चालवा.

पैसे द्यायचेच असतील तर कुठे?

माझं मत स्पष्ट आहे. वर्षाला हजार-दीड हजार रुपये फोटोंवर खर्च करायचे असतील, तर ते फ्रेमच्या वर्गणीवर नकोत, मूळ फोटो जपण्यावर करा. भारतात गूगलचा १०० जीबीचा प्लॅन गेली काही वर्षं महिन्याला १३० रुपये आहे, वर्षाचे एकदम भरले तर १,३००. आणि ती जागा घरातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येते, एकमेकांचे फोटो न दिसता. आयक्लाउडवर फुकट मिळतात फक्त पाच जीबी, ५० जीबीला महिन्याला ७५ रुपये. याची तुलना फ्रेमच्या २०-३० डॉलरशी करा. रुपयांत ते दीड हजाराच्या वरच जातं, आणि त्यात काय मिळतं? फक्त एका फ्रेमसाठी ठेवलेले फोटो. ती कंपनी उद्या कुणी विकत घेतली, बंद पडली, तर ती तिजोरीही गेली. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. कोडॅकसारख्या नावाची कोडॅक गॅलरी २०१२मध्ये बंद झाली. लोकांचे फोटो शटरफ्लायकडे सोपवले म्हणून वाचले.

फ्रेमची वर्गणी कधी घ्यावी? घरात व्हिडिओ खूप पाठवले जात असतील, किंवा चार भावंडं चार देशांतून पाठवतायत आणि फ्रेमही तीन-चार आहेत, तर घ्या. एका फ्रेमसाठी, फक्त फोटोंसाठी, नको.

घेतलीत तर कार्ड कुणाचं, हा प्रश्न आधी सोडवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्यांना रीतसर मँडेट लागतं, पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते. परदेशातली जी कंपनी या व्यवस्थेत बसत नाही, तिचा हप्ता भारतीय कार्डावरून जातच नाही, फेल होतो. बाबांच्या डेबिट कार्डावर अमेरिकन फ्रेमची वर्गणी लावून देऊ नका. पहिल्या वर्षी ओटीपी टाकून जाईल, दुसऱ्या वर्षी अडकेल, आणि कुणाला कळणारही नाही.

फुकटाच्याही अटी असतात, त्या माहीत हव्यात. गूगलचं खातं दोन वर्षं कुणी वापरलंच नाही तर ते आणि त्यातले फोटो काढून टाकण्याचा अधिकार गूगल राखून आहे. हा नियम २०२३च्या डिसेंबरपासून अमलात आला. फ्रेमसाठी आजोबांच्या नावानं एक वेगळं जीमेल खातं उघडायची टूम आहे. उघडता तुम्ही, पासवर्ड तुमच्या वहीत, आजोबा त्यात कधीच जात नाहीत. असं खातं असेल तर सहा महिन्यांतून एकदा तुम्हीच लॉगिन करा. आणि घेतलेला जास्तीचा प्लॅन सोडून दिलात, फोटो १५ जीबीच्या वर राहिले, तर नवे फोटो चढत नाहीत, जीमेलवर ईमेल येणंही थांबतं. दोन वर्षं तसंच राहिलं तर फोटो पुसले जाऊ शकतात. तेव्हा प्लॅन सोडायच्या आधी गूगल टेकआउटमधून सगळं उतरवून एका हार्ड डिस्कवर घ्या. एक टेराबाइटची हार्ड डिस्क ही एकदाच भरायची वर्गणी समजा. तीही कधीतरी बंद पडते, म्हणून महत्त्वाचे फोटो दोन ठिकाणी हवेतच.

घ्यायच्या आधी आणि लावताना

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: वायफाय बंद झालं तर फोटो दिसत राहतील का? या एका उत्तरातून बाकीचं बरंच कळतं. ‘हो’ असेल तर फोटो फ्रेममध्ये आहेत. ‘नाही’ असेल तर ते कंपनीकडे आहेत, आणि कंपनीची मर्जी फिरली तर तुमची फ्रेम म्हणजे काळी पाटी. गावाकडे हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. लाइट गेली की राउटर बंद, ती आली तरी इंटरनेट यायला वेळ, कधी रिचार्जच संपलेला. अशा घरात खिडकीवाली फ्रेम देऊ नका, मेमरीवाली द्या. तिच्यात मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हची खाच असेल तर आणखी चांगलं. घरात वायफाय नसेल आणि आजोबांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायची असेल, तरी मेमरीवालीच. आठवड्यातून एकदा हॉटस्पॉट लावला की साचलेले फोटो उतरतात.

नवी घ्यायलाच हवी असंही नाही. घरात जुना टॅबलेट पडलाय? बॅटरी फुगलेली नसेल तर (फुगली असेल तर अजिबात नको, चार्जरला चोवीस तास लावून ठेवणं धोक्याचं आहे) त्याला स्टँड लावा, स्लाइडशो लावा, झाली फ्रेम.

फार स्वस्त, नाव-गाव नसलेल्या फ्रेमबद्दल एक इशारा. यांतल्या बऱ्याच आत अँड्रॉइडच असतं आणि तेही जुनाट, अपडेट कधी न येणारं. २०२५मध्ये क्वोक्का या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उहाले नावाच्या ॲपवर चालणाऱ्या काही फ्रेम तपासल्या, तर त्यांतल्या काही सुरू होता होताच घातक सॉफ्टवेअर उतरवून घेत होत्या. ज्या वायफायवर बाबा बँकेचं ॲप वापरतात त्याच वायफायवर असली वस्तू नको. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते, फ्रेम तिथे जोडा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लावून देताना दोन गोष्टी करा. फ्रेमच्या मागे कागद चिकटवा: वायफायचं नाव, पासवर्ड, फ्रेम कुठल्या ईमेलनं नोंदवली आहे ते. फ्रेमच्या खात्याचा पासवर्ड तिथे लिहू नका, वायफायचाच लिहा. राउटर बदलला की फ्रेम मुकी होते आणि शेजारचा मुलगा मदतीला येतो, त्याला एवढी माहिती पुरते. दुसरं, फ्रेम कुणाला दिली, विकली, तर आधी फॅक्टरी रिसेट करा आणि ॲपमधूनही काढून टाका. नाहीतर तुमच्या भाचीच्या बारशाचे फोटो कुणा अनोळखी माणसाच्या हॉलमध्ये दिसत राहतील.

तुमच्या घरातल्या फ्रेमला वायफाय बंद केल्यावर काय होतं ते आज रात्री करून बघा आणि व्हॉइस नोट पाठवा, मॉडेलच्या नावासकट. पुढच्या भागात जुन्या अल्बममधले, त्या काळ्या कागदावर चिकटवलेले फोटो फोननं स्कॅन कसे करायचे ते बघू. आईकडून अल्बम मागून ठेवा.